विनामूल्य सॉफ्टवेअरचा व्यवसाय

‘कोहा’ हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य मिळते. तरीही २००७ मध्ये स्थापन झालेली ब्रिटनमधली पीटीएफएस युरोप ही कंपनी मुख्यतः त्याच्याच आधारावर वाढली आणि तिचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक निक डिमंट यांची उद्योजक म्हणून ओळखही त्यातूनच घडली. जे फुकट मिळते त्याचा धंदा होतो कसा? इथे विकली जाते ती जबाबदारी. स्टॅफर्डशायर विद्यापीठ हे जुनी यंत्रणा सोडून कोहा स्वीकारणारे ब्रिटनमधले पहिले विद्यापीठ. अशा स्थलांतरात जुन्या यंत्रणेतल्या नोंदी ‘मार्क’ या आंतरराष्ट्रीय साच्यात नेमक्या बसवाव्या लागतात. लेखक १०० क्रमांकाच्या रकान्यात, ग्रंथनाम २४५ मध्ये, आणि कोहात प्रत्येक प्रतीची शाखा व बारकोड ९५२ मध्ये. हा शेवटचा रकाना चुकला, तर पुस्तक कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही. पैसे मोजायचे ते ही चूक होऊ न देणाऱ्या माणसांना.

एवढे तर कोणताही बंदिस्त सॉफ्टवेअरवालाही करतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, फरक पडतो तो मालक बदलल्यावर. १९६९ मध्ये बर्मिंगहॅम व ॲस्टन विद्यापीठे आणि बर्मिंगहॅमचे सार्वजनिक ग्रंथालय यांनी संगणकीकरणाचा सहकारी प्रकल्प सुरू केला. त्याचीच पुढे ‘टॅलिस’ कंपनी झाली, आणि २०११ मध्ये तिचा ग्रंथालय विभाग कॅपिटाकडे गेला. कोहाचा मार्ग वेगळा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाने २००० साल उजाडताना जुनी यंत्रणा कोलमडेल या धास्तीने नवी यंत्रणा लिहून घेतली आणि सर्वांना देऊन टाकली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, पण आपल्या आहेरासारखी, परतफेडीचे नाते राखणारी. कोहात दुरुस्ती सुचवणाऱ्याला ती स्वतः मंजूर करता येत नाही. दुसरा कोणी ती चालवून पाहतो, मग गुणवत्ता तपासणारे पाहतात, आणि नंतरच ती पुढच्या आवृत्तीत जाते. त्यामुळे इंग्लंडमधल्या विद्यापीठाने पैसे देऊन करवून घेतलेली सुधारणा ठाण्यातल्या महाविद्यालयालाही मिळते. कंपनी बुडाली तरी सॉफ्टवेअर उरते. छोट्या ग्रंथालयाला नवा तंत्रज्ञ शोधणे जड जाते, हे मान्य. पण निदान तो शोधता तरी येतो.

खरा गंभीर आक्षेप निराळाच आहे: सामायिक वस्तूवर एखादी कंपनी ताबा सांगू लागली तर? तसे घडले. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, कोहाची जागतिक परिषद ठाण्यात होऊन महिनाही उलटला नव्हता, तोच न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून अमेरिकेच्या लिबलाइमला मंजूर झाल्याची बातमी आली. लिबलाइम तेव्हा अमेरिकेतल्या पीटीएफएसच्या मालकीची होती. मूळ न्यासाने जगभर मदतीची हाक दिली आणि ग्रंथपालांनी देणग्या पाठवल्या. मुक्त परवान्यामुळे सॉफ्टवेअर सुरक्षित होते, नावासाठी मात्र झगडावे लागले. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कंपनीशी करार करताना ग्रंथालयाने दराआधी परवाना आणि नावाचा हक्क तपासावा. ठाण्यानंतरची परिषद जून २०१२ मध्ये एडिनबरात भरली, आणि ती ‘कोहा’ याच नावाने भरली.