हुक, पिन आणि मांजरसुंब्याचा घाट

बीडहून सोलापूरकडे जाणारी वाहने पालीतून पुढे सरकली की बालाघाटाच्या रांगेला भिडतात. बिंदुसरा प्रकल्पाचा परिसर मागे पडतो आणि मांजरसुंब्याचा चढ सुरू होतो. पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणारा हा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग; जुन्या माणसांच्या तोंडी अजून तो २११च आहे. चौपदरी झाल्यापासून या रस्त्यावर लांबलचक ट्रेलरांची ये-जा असते. कंटेनर, लोखंडी सळया, सिमेंट, बालाघाटाच्या पठारावर उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांची पाती, असा नाना तऱ्हेचा माल. हंगामात त्यात उसाच्या जोडट्रॉल्यांची भर पडते.

घाट चढण्याआधी चालक टायरवर हात मारून पाहतो, ब्रेकची हवा बघतो, डिझेलचा काटा बघतो. ओढणारे वाहन आणि ओढले जाणारे वाहन ज्या एका सांध्याने एकत्र राहतात, तिकडे मात्र फारसे कोणी वाकून बघत नाही. तो सांधा आवाज करू लागला तरी ‘लोखंड आहे, वाजणारच’ म्हणून सोडून दिले जाते. खरे तर त्या आवाजाचा अर्थ एवढाच असतो की दोन धातूंच्या मध्ये जागा तयार झाली आहे आणि ती रोज थोडी थोडी वाढते आहे.

रस्त्यावर हा सांधा दोन मुख्य प्रकारांत दिसतो, आणि दोघांचे दुखणे वेगळे आहे. कंटेनर वाहणाऱ्या मोठ्या ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचे पुढचे सगळे वजन ‘घोड्या’च्या, म्हणजे ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवर बसवलेल्या जाड लोखंडी प्लेटवर टेकते. हे फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या पोटाखालून आलेली किंगपिन तिच्या खाचेत शिरते आणि जबड्यासारखे कुलूप तिला धरून ठेवते. उसाच्या चारचाकी ट्रॉलीचे तसे नाही. तिचे वजन तिच्याच चाकांवर असते. ट्रॅक्टरच्या हुकात दांडीचे कडे घालायचे आणि वरून पिन सोडायची, की जोडणी झाली. पहिल्या ठिकाणी वजनाखालचे घासणे त्रास देते, दुसऱ्या ठिकाणी सैलपणा.

आधी फिफ्थ व्हील पाहू. सर्वाधिक वापरातली किंगपिन दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर व्यासाची असते. फार जड मालासाठी साडेतीन इंची वापरतात. पिनेवर ओढ येते, पण वजन पेलते ती वरची प्लेट. समजा तिच्यावर १५ टन भार आहे आणि ट्रेलर वळतो आहे. तेवढ्या वजनाखाली लोखंडावर लोखंड फिरणार. पोलाद कोरडे असेल तर घर्षणाचा गुणांक साधारण ०.५ च्या आसपास असतो, चांगले ग्रीस असेल तर ०.१ च्या जवळ येतो. म्हणजे कोरडी प्लेट वळवायला जवळजवळ पाचपट जोर लागतो. हा जोर येतो पुढच्या टायरांकडून. ते रस्त्यावर आडवे घासत जातात, स्टिअरिंग जड होते, आणि वळण संपताना ट्रेलर अडकून एकदम सुटावा तसा हिसका बसतो. ओल्या रस्त्यावर घाटातल्या वळणाला असा हिसका बसणे चांगले नाही. पुढचे टायर लवकर गुळगुळीत होतात म्हणून अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या मालकाने एकदा प्लेटवर हात फिरवून बघावा.

प्लेट मोठी केली तर घासणे कमी होईल, असे सहज वाटते. तसे होत नाही. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते, पृष्ठभाग किती मोठा आहे याने त्यात फरक पडत नाही, हे गियोम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने १६९९ साली मांडले होते. मोठ्या प्लेटचा फायदा झिजेच्या बाबतीत होतो, कारण दाब पसरतो. जोर मात्र तेवढाच लागतो. तो कमी करायचा तर दोन धातूंच्या मध्ये तिसरे काहीतरी घालावे लागते.

इथे एक अडचण आहे. इंजिनातल्या बेअरिंगमध्ये दांडा वेगाने फिरतो आणि स्वतःबरोबर तेल ओढून घेतो. तेलाचा पातळ थर दोन्ही धातूंना एकमेकांपासून उचलून धरतो. फिफ्थ व्हील फिरत राहत नाही. ते थोडे इकडे, थोडे तिकडे, तेही अगदी सावकाश हलते आणि वजन कायम दाबत असते. तेलाचा थर तयार व्हायला वेळच मिळत नाही, धातूंची टोके एकमेकांना भिडतात. म्हणून इथे नुसते तेल उपयोगाचे नाही. लिथियम साबणात तेल धरून ठेवलेले घट्ट ग्रीस लागते आणि त्यात जास्त दाब सोसणारी रसायने लागतात. बरेचदा मोलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्रॅफाइटची पूड मिसळलेली असते. या पुडीचे कण पापुद्र्यांचे असतात. तेल दाबाने निसटले तरी पापुद्रे एकमेकांवरून सरकत राहतात. गॅरेजमध्ये सर्रास मिळणारे साधे एपी-थ्री ग्रीस चाकाच्या बेअरिंगला ठीक असले, तरी इथे कंपनीच्या पुस्तिकेत कोणते सांगितले आहे ते बघूनच भरावे.

घासणे, झीज आणि वंगण या तिन्हींचा एकत्र अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे ट्रायबॉलॉजी. हे नाव १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालातून रूढ झाले. वंगणाकडे नीट लक्ष दिले तर ब्रिटिश उद्योगांचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा हिशेब त्या अहवालाने मांडला आणि तोवर मिस्त्रीच्या हाताखालच्या पोऱ्याकडे सोपवलेले काम एकाएकी अर्थशास्त्राचा विषय झाले. गंमत म्हणजे फिफ्थ व्हील बनवणाऱ्या एका मोठ्या जर्मन कंपनीचे नावही जोस्टच. १९५२ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा एक कारखाना जमशेदपूरला आहे. पीटर जोस्ट यांचा तिच्याशी संबंध नव्हता.

ग्रीस भरले म्हणजे काम झाले, हा समज मराठवाड्यात विशेष महागात पडतो. कारण इथला फुफाटा. बालाघाटाचा डोंगर बेसाल्टचा, काळ्या कातळाचा. त्या कातळातली खनिजे कठीणपणाच्या मोह्‌झ मापावर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येतात. साधे पोलाद त्याखाली, चार-साडेचारच्या आसपास. मुरमाच्या रस्त्यावर उडालेली भुकटी ग्रीसला चिकटली की इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला मिस्त्री जी एमरी पेस्ट लावतो, तिच्याच जातीचे मिश्रण प्लेटवर तयार होते. जुन्या काळ्या ग्रीसवर नवे ग्रीस थापणे म्हणजे त्या पेस्टला पाणी घालणे. आधी जुने खरवडून, पुसून काढायचे, खाचेतली घाण काढायची, मग नवा थर द्यायचा. थरही जाडजूड नको. जास्तीचे ग्रीस दाबाने कडेला येते आणि आणखी धूळ गोळा करते.

यावर उपाय म्हणून अलीकडे प्लेटवर खास प्लॅस्टिकचे अस्तर बसवलेली फिफ्थ व्हील मिळतात. या अस्तरावर ट्रेलरची प्लेट कोरडीच सरकते. तिथे जुन्या सवयीने ग्रीस फासले तर फायद्याऐवजी धूळ चिकटवून घेतल्यासारखे होते. कुलपाच्या जबड्याला आणि पिनेला मात्र तिथेही वंगण लागते, ते विसरून चालत नाही.

किंगपिन किती झिजली हे डोळ्यांना कळत नाही. ५०.८ मिलिमीटरची पिन झिजून ४९ वर आली की ती बदलायची, ही मर्यादा ठरलेली आहे. म्हणजे नव्या आणि बाद पिनेत फरक फक्त १.८ मिलिमीटरचा. त्यासाठी व्हर्निअर कॅलिपर किंवा झिजेचा गेज लागतो, आणि तो वेगवेगळ्या बाजूंनी लावावा लागतो, कारण पिन गोल गोल झिजत नाही. ओढीच्या आणि ब्रेकच्या बाजूला अधिक झिजते. झिजलेल्या पिनेवर वेल्डिंगची भर घालून लेथवर पुन्हा गोल करून देणारे हात सापडतात. ते काम कितीही सफाईदार दिसले तरी करून घेऊ नये. किंगपिन उष्णसंस्कार करून टणक केलेली असते. वेल्डिंगच्या तापाने तो संस्कार बिघडतो आणि बाजूचा भाग ठिसूळ होतो. कंपन्या याला सरळ मनाई करतात.

आता उसाच्या ट्रॉलीकडे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, तेव्हा अनेक कुटुंबे मुलाबाळांसह, भांड्याकुंड्यांसह याच ट्रॉल्यांत बसलेली असतात. पुढचे काही महिने त्याच ट्रॉल्या ऊस वाहतात. तेव्हा त्या पिनेला माल कोणता आणि माणसे कोणती हा फरक नाही. ती तुटली तर दोन्ही घाटात मागे घरंगळणार.

जोडट्रॉलीत दुसरी ट्रॉली पहिलीला बांधलेली असते, त्यामुळे ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यातल्या पिनेवर दोन्हींची ओढ येते. समजा मागे एकूण २५ टन आहेत आणि रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढतो. नुसत्या चढासाठी सव्वा टनाची ओढ, त्यात चाकांचा विरोध धरला तर साधारण दोन टन. ठणठणीत पिन एवढे सहज सोसते. पिन मोडते ती या ओढीने नव्हे, दणक्याने.

दणका कुठून येतो? कड्याचे भोक मोठे आणि पिन बारीक असली की मध्ये जागा उरते. चढावर ट्रॅक्टर ओढतो तेव्हा पिन कड्याच्या एका बाजूला टेकते. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, कारण ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. कडे पिनेच्या दुसऱ्या बाजूला येऊन आपटते. क्लच सोडला की एक घाव, ब्रेक दाबला की दुसरा, खड्ड्यात चाक गेले की तिसरा. प्रत्येक घावाने भोक थोडे लांबट होते, जागा वाढते आणि पुढचा घाव आणखी जोरात बसतो. झीज झिजेला वाढवत जाते. पिनेच्या मधोमध गळ्यासारखी खोबण पडलेली दिसते ती यातूनच. तिथेच बारीक भेग धरते आणि वरून काही न दिसता आत वाढत राहते.

ग्रीसने हा सैलपणा भरून निघत नाही, हे इथे ठासून सांगायला हवे. वंगणाने गंज थांबतो, घासणे कमी होते. भोक लहान होत नाही. त्यासाठी पिन भोकाच्या मापाची हवी आणि कड्यात बदलता येणारे बुश हवे. स्वस्त भाग झिजू द्यायचा आणि महाग भाग वाचवायचा, असा हा साधा व्यवहार आहे: बुश झिजले की ठोकून काढून नवे घालता येते, दांडीचे कडे शाबूत राहते. आता रस्त्यावर प्रत्यक्ष काय दिसते? मूळ पिन हरवली म्हणून बांधकामाच्या सळईचा तुकडा, कुठल्यातरी यंत्राचा बोल्ट, खाली लॉकपिनेऐवजी पिळलेली तार. सळई काँक्रीटमध्ये ताण घ्यायला बनवलेली असते, आडव्या दणक्यांसाठी नव्हे. आणि तार उसाच्या पाचटात अडकून कधी निघून जाते ते चालकाला कळतही नाही. जोडीला सुरक्षेची साखळी असली तर पिन गेली तरी ट्रॉली लगेच सुटत नाही. पिनेच्या मानाने साखळीचा खर्च फार नाही, तरी ती सगळ्यात कमी दिसते.

चारचाकी ट्रॉलीत आणखी एक सांधा असतो: पुढच्या आसावरचे टर्नटेबल. त्यात गोळ्यांची रिंग असते आणि तिला ग्रीसचे निपल असते. शेतातल्या चिखलात आणि कारखान्याच्या आवारातल्या मळीत ही निपले बुजून जातात. ग्रीस गन लावली आणि ग्रीस बाहेरच ओघळले, तर आत काही गेलेले नसते. निपल काढून डिझेलमध्ये धुतले किंवा नवे बसवले की काम होते.

कोरड्या सांध्याची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पिनेच्या भोवती किंवा प्लेटच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी जमलेली दिसली, तर ती रस्त्याची धूळ नसते. दोन पोलादी भाग दाबाखाली सूक्ष्म हालचाल करत एकमेकांना कुरतडत असतात, सुटलेल्या कणांचा गंज होतो आणि तो गंज पुन्हा आतले पोलाद घासतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू वाहनांच्या आसभाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टन चालू लागले. वाहतूकदारांना ते हवेच होते. पण प्लेटवरचा भार वाढला की घर्षण त्याच प्रमाणात वाढते, म्हणून जुन्या अंतराने वंगण करणाऱ्यांनी ते अंतर कमी करायला हवे.

जोडणी नीट झाली की नाही हे बघण्याची रीत सगळ्या जगात एकच आहे. ट्रेलर जोडल्यावर सपोर्ट लेग उचलायच्या आधी पुढच्या गिअरमध्ये हलकेच ओढून पाहायचे. मग उतरून, टॉर्च घेऊन, प्लेट आणि ट्रेलर यांच्यात फट नाही ना आणि जबडा पिनेभोवती बंद झाला ना ते डोळ्यांनी बघायचे. ट्रेलर उंच राहिला तर पिन जबड्यात न शिरता वरच टेकते आणि पहिल्या वळणापर्यंत सगळे ठीक वाटते.

ट्रॉलीचे मोठे काम हंगामानंतर करावे. गाळप संपले की ट्रॉल्या शेताच्या कडेला उभ्या राहतात आणि पुढचा पावसाळा अंगावर घेतात. त्याआधी पिन काढून धुवायची, खोबण पडली आहे का बघायचे, भोकाचे माप आडवे आणि उभे दोन्ही घ्यायचे, बुश बदलायचे, टर्नटेबलमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरायचे आणि उघड्या पोलादाला ग्रीसचा हात द्यायचा. बाद ठरलेली पिन दुसऱ्या ट्रॉलीसाठी ठेवून न देता त्याच दिवशी भंगारात घालायची.