नकाशातलं मैदान कुणी राखायचं?

घरात नवं कपाट आलं, की ते कुठल्या भिंतीला लावायचं हे घरच्या बाईला विचारूनच ठरतं. दार पुरतं उघडेल का, पाळण्याला जागा उरेल का, हे तिलाच ठाऊक असतं. पण फाटकाबाहेरची जागा, म्हणजे मुलांचं मैदान, भाजीबाजार, दवाखाना कुठं असावा हे ठरताना मात्र ‘ते पालिकेचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, हे काम पालिकेचं खरं, पण त्यात चार शब्द सांगायचा हक्क आपल्या गल्लीलाही आहे.

शेजाऱ्यांनी मिळून जमिनीचा विचार केला तर काय होतं, हे पाहायला आपल्या जिल्ह्याबाहेर जायला नको. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे अवर्षणाच्या पट्ट्यातलं गाव. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या आणि माणसं पोटासाठी गाव सोडून चाललेली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावकऱ्यांनी श्रमदानानं बांध घातले, डोंगरावर समतल चर खणले, झाडं लावली. पण नुसत्या खणण्यानं भागलं नसतं. कुठल्या जमिनीचं काय करायचं, हे त्यांनी ग्रामसभेत बसून ठरवलं. डोंगरावर गुरं मोकाट सोडायची नाहीत, गवत कापून आणायचं. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. शेतीला बोअर घ्यायचं नाही. उसासारखं तहानलेलं पीक नको. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. शिवाय दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं नि जनावरांचं पिणं, मग पिकं. पगार हातात आला की आपण किराणा, दूध, फी असे वाटे करतो ना, अगदी तसंच! १९९५ च्या पाहणीत तिथं १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ती तीनवर आली. हंडाभर पाण्यासाठी जिची पायपीट थांबली, तिला या ठरावांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, गावाला ग्रामसभा असते, आम्हां शहरातल्या बायकांना काय? आपल्यासाठीही वाट आहे, फक्त ती कागदातून जाते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रत्येक शहराचा विकास आराखडा होतो. कुठं रस्ता, कुठं शाळा, कुठं बाग, कुठं मंडई, सारं त्यात आखलेलं असतं. आराखड्याचा मसुदा तयार झाला की त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नकाशा कचेरीत कुणालाही पाहता येतो. हरकत घेणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणीत बोलता येतं. पण ती सूचना ज्या रद्दीत जाते, ती आपणच विकतो!

एवढ्यानं काय होतं, असं वाटत असेल तर मुंबईचं पाहा. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथला नवा मसुदा प्रसिद्ध झाला. रहिवासी संघ आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्था नकाशे घेऊन बसल्या. कुठं उभ्या इमारतीवरून रस्ता गेलेला, कुठं जुनी वास्तू नकाशातून गायब. हरकतींचे ढीग लागले आणि एप्रिलमध्ये सरकारनं तो मसुदा नव्यानं करायला लावला. सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

मंजुरी मिळाली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. बागेसाठी किंवा मैदानासाठी राखून ठेवलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत ठोस पाऊल पडलं नाही, तर आरक्षणच उठतं. यात मालकाचाही दोष नाही. त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? मोबदला वेळेवर दिला गेला पाहिजे आणि त्यासाठी पाठपुरावा करणारं कुणीतरी हवं. नेमकं हेच काम गल्लीतल्या मंडळाचं.

मग सुरुवात कशी करायची? भिशीला जमणाऱ्या पाच-सात जणी पुरेत.

पहिलं, नगररचना विभागातून आपल्या भागाचा ‘भाग नकाशा’ मागून घ्या. त्यात आपला सर्व्हे नंबर शोधा आणि आसपास काय राखून ठेवलंय ते वहीत टिपा. आराखडा कधी लागू झाला ती तारीखही लिहा. दहा वर्षं तिथूनच मोजायची.

दुसरं, त्या जागांवरून एकदा पायी फिरून या. कागदावरची बाग प्रत्यक्षात कचराकुंडी आहे का, तिथं कुणी गरीब राहतंय का, तेही पाहा. त्यांना विचारल्याशिवाय अर्ज लिहू नका. आपली बाग म्हणजे दुसरीचं मोडलेलं घर, असं व्हायला नको.

तिसरं, एका अर्जात एकच मागणी, जागेचा नंबर आणि कारण लिहा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

चौथं, सुनावणीला दोघी-तिघी मिळून जा. ‘शाळेला जाताना मुलांना हमरस्ता ओलांडावा लागतो,’ असं साधं सांगितलं तरी चालतं. अभियंत्याला रस्त्याची रुंदी ठाऊक असते, पण त्या रस्त्यावरून मुलाचं बोट धरून कोण जातं, हे तुम्हांलाच ठाऊक!

प्रत्येक हरकत मान्य होते असं नाही. शेवटचा निर्णय सरकारचा. पण जी हरकत लिहिलीच नाही, ती मान्य व्हायची तरी कशी? तेव्हा वर्तमानपत्रातली ती बारीक टायपातली सूचना आता वाचायला लागा. वीस वर्षांनी आपली नातवंडं कुठं खेळतील, हे तिच्यातच लिहिलेलं असतं.