ढोल बदलला, राणी तीच?

नाशिककराला ढोलाबद्दल मत विचारू नये. विचारलंच तर अर्धा दिवस मोकळा ठेवावा. मी ही चूक एका रविवारी केली, आणि तीही चक्क एका विलायती बँडच्या ढोलाबद्दल.

बँडचं नाव क्वीन. त्यांचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ रोजी आला, त्याचंही नाव ‘क्वीन’च. तो २५ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘क्वीन वन’ नावानं पुन्हा बाजारात आला. जुन्या तबकड्या घासूनपुसून नव्यानं विकणं हे काही नवं नाही. त्याला रिमास्टर म्हणतात, म्हणजे कालच्या आमटीला आज वरून फोडणी. इथे मात्र मूळ फितींवरचे आवाज सुटे करून सगळी आमटी नव्यानं शिजवली आहे. सहा सीडी, एक एलपी आणि ६३ ध्वनिमुद्रणं असा तो डबा आहे. आपल्याकडे मिसळीबरोबर पापड, दही, जिलबी येते, तसं. पोट भरतं, पण मिसळ कुठली ते शोधावं लागतं.

ऐकायला चौघं होतो. ढोल पथकात वाजवणारा माझा मित्र, बँकेतून निवृत्त झालेले आणि जुनी एलपी छातीशी धरून आलेले शेजारचे काका, बारावीतली भाची, आणि चहा करणारा मी.

पहिलं गाणं ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’. आधी जुनं, मग नवं. जुनं संपलं तसा मित्र म्हणाला, “ह्याच्या ढोलाचं पान ओलं झालंय.”

गंमत म्हणजे क्वीनवाल्यांचंही पन्नास वर्षं हेच गाऱ्हाणं होतं! लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत ड्रमला एक छोटी, आतून गादी भरलेली खोली होती. थाप पडली की आवाज तिथल्या तिथे मरायचा. तेव्हा तसा कोरडा आवाज फॅशनीत होता. रॉजर टेलरला तो कधीच पटला नाही. पण बोलणार कोण? बीटल्सनी १९६८ साली ‘हे ज्यूड’ जिथे रेकॉर्ड केलं तो हा स्टुडिओ, आणि या नवख्यांना तो मिळायचा मोठे लोक उठून गेल्यावर, बऱ्याचदा रात्रीचा. नव्या आवृत्तीत मूळ वादन तेच ठेवून ड्रमला मोकळी जागा दिली आहे. मित्र खूश. “ढोल कोंडून वाजतो का कुठे? आम्ही नदीकाठी सराव करतो तो काय हौस म्हणून?”

काका मात्र घुश्श्यात. त्यांच्या मते तो दबका आवाज म्हणजेच तो अल्बम. “तेव्हा पोरांकडे पैसे नव्हते, ते ऐकू यायला नको का?” मला वाटतं, मुद्दा बिनतोड आहे. पण ड्रम बाकी नवेच बरे वाजतात.

आता हे सगळं महाराष्ट्रात कशाला, असं कुणी विचारेल. तर क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, झांझिबारला ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मला आणि आठव्या वर्षापासून शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. आडनाव बलसारा, कारण मूळ गाव बलसार, म्हणजे आजचं वलसाड. नाशिकहून पेठचा घाट उतरून धरमपूर ओलांडलं की आलंच.

पाचगणीत बारा वर्षांच्या फारुखनं आणि दोस्तांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. तिथे हा पठ्ठ्या मुख्य गायक नव्हताच, पियानो वाजवायचा. गायचा ब्रूस मरे. फरांग इराणीचं बास वाद्य म्हणजे चहाचं लाकडी खोकं, त्याला काठी आणि दोरी. पुढे यानं पुण्यात सिझलरचं हॉटेल काढलं. ड्रमवाला व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही. डेरिक ब्रँच ब्रिटिश टीव्हीवर नट झाला. एका शाळकरी बँडातून एवढं पीक निघालं, आणि आपण म्हणतो गाण्याच्या नादानं पोरं वाया जातात.

भाचीला सगळ्यात आवडला तो बँडचा शिक्का. तो फ्रेडीनं स्वतः काढला, चौघांच्या राशी घालून. टेलर आणि जॉन डीकन यांचे दोन सिंह, ब्रायन मेचा खेकडा, आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या. इथे काकांनी पंचांगाचा हिशेब मांडला. आपल्या निरयन गणितानं ५ सप्टेंबरला सूर्य सिंहेतच असतो, म्हणजे फ्रेडी सिंह. टेलरचा वाढदिवस २६ जुलै, तो कर्केत गेला. मे आणि डीकन जागच्या जागी. म्हणजे दोन सिंह, दोन खेकडे, आणि पऱ्यांची सुट्टी! सिंहस्थाच्या गावात हा हिशेब कुणाला नको वाटेल?

एलपीच्या वेष्टनावर आणखी मौज आहे. डीकनचं नाव उलटं छापलंय, ‘डीकन जॉन’. शिवाय एक ओळ अशी की, यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. ती मिरवायचं कारण ब्रायन मेची गिटार. ती त्यानं आणि वडिलांनी घरी बनवली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा, खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. वाजवतो सहा पेन्सच्या नाण्यानं. हाच गृहस्थ गाण्यापायी अर्धवट सोडलेली खगोलशास्त्राची पीएचडी २००७ साली पुरी करून आला. विषय अवकाशातली धूळ. काकांचा राग इथे बराच निवळला.

आणि मग ‘मॅड द स्वाइन’. हे गाणं १९७३ च्या अल्बमात असणार होतं, पण निर्माता रॉय थॉमस बेकर आणि बँड यांचं पटेना म्हणून गळलं. कशावरून पटेना? पुन्हा ड्रमच्या आवाजावरून! ते लोकांच्या कानी पडलं थेट १९९१ साली, ‘हेडलाँग’च्या पाठीवर बसून. आता ते चौथ्या क्रमांकाच्या आपल्या जागी परतलं आहे आणि दहा गाण्यांची अकरा झाली आहेत. वेडावरून आठवलं. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलॅली’ म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीचा. मायदेशाच्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत पडलेले गोरे सोल्जर कंटाळून बहकायचे. पूर्ण रूप ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

शेवटी मतदान झालं. मित्र नव्याच्या बाजूनं, काका जुन्याच्या. मी काकांचा मुद्दा आणि मित्राचा ढोल, दोन्ही उचलले, तर दोघांनीही मला बाद केलं. भाचीचं मत निर्णायक होतं, पण तिचा क्लास होता. “मामा, मला फरक कळलाच नाही,” म्हणत ती स्कूटीला किक मारत निघाली. गुणगुणत होती ‘मॅड द स्वाइन’. काकांच्या एलपीवर ते नाहीच.