परभणी ते रंगभवन

रॉक ऐकायला परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची. धोबी तलावावर, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून रंगभवन हे खुलं नाट्यगृह. 1978 मध्ये इथेच 'जाझ यात्रा' झाली, आणि 1986 पासूनचा 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सव तर याच मंचामुळे नावारूपाला आला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरायचा, म्हणून ते नाव.

ऑगस्टचा पाऊस, वर छप्पर नाही, अंगातला काळा टी-शर्ट चिंब! पेंटाग्राम वाजवायला लागले की बास गिटारचा ठोका कानाआधी छातीत जाणवायचा. त्यांचा गायक विशाल ददलानी, पुढे हिंदी सिनेमातला विशाल-शेखर जोडीतला विशाल. मला तो आजही आधी त्या मंचावरचाच आठवतो. तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात रात्र-रात्र कव्वाली ऐकलेल्या आम्हा परभणीकरांना समूहाने बेभान होणं नवं नव्हतं; नवे होते ते फक्त गिटारचे आवाज.

शेजारी रुग्णालयं असल्याने तो परिसर पुढे शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. कारण रास्तच, पण हळहळ अजून जात नाही.

तुमच्यापैकी कोण होतं तिथे? जुनी तिकिटं असतील तर फोटो टाका ना!