वाहून आलेलं मूल, निसटून गेलेला काळ

नदीतून वाहत आलेल्या पेटीतलं मूल अधिरथ आणि राधेच्या घरी वाढलं, ही गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. तरी एक गंमत आहेच. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्णही आपापली बाजू मांडतात, ज्या बाईने ते मूल वाढवलं, त्या राधेच्या वाट्याला मात्र स्वतंत्र निवेदन आलेलं नाही. सांभाळणारी आईच कथेच्या मध्यावर आणायची, हा डाव एम. एल. स्टेडमन यांनी आपल्या पहिल्या कादंबरीत मांडला. ‘द लाइट बिटवीन ओशन्स’ २०१२ मध्ये आली, भरपूर खपली, २०१६ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. असा विषय हाती असताना ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती निराश का करते, ते या लेखांकात पाहू.

कथानक पश्चिम ऑस्ट्रेलियातलं. पहिल्या महायुद्धातून परतलेला टॉम शेरबोर्न जेनस रॉक या बेटावर दीपगृहाचा रखवालदार होतो. बेट आणि त्याच्या जवळचं गाव काल्पनिक आहे; पण हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर जिथे भेटतात, तो केप लुइनचा मुलूख खरा आणि तिथलं एकोणिसाव्या शतकातलं दीपगृहही खरं. टॉमची बायको इझाबेल हिचा गर्भ दोनदा टिकत नाही, तिसरं मूल मृत जन्मतं. त्याच सुमारास, एप्रिल १९२६ मध्ये, एक होडी बेटाला लागते. आत एक मेलेला पुरुष आणि एक रडणारी तान्ही मुलगी.

इथवरचा भाग फार छान उतरला आहे. रोज संध्याकाळी दिवा लावायचा, भिंगं पुसायची, पाऱ्यावर तरंगत फिरणारा तो अवजड सांगाडा नीट चालतोय ना पाहायचं, वारा आणि जहाजं नोंदवहीत टिपायची. शिधासामान घेऊन बोट येणार ती थेट तीन महिन्यांनी. युद्धात माणसं मारून आलेल्या टॉमला या शिस्तीनेच सावरलं आहे. आणि बायको त्याला विनवते, आज होडीबद्दल काही लिहू नकोस. सरकारी वहीतली एक न केलेली नोंद माणसाला आतून कशी पोखरत जाते, हे स्टेडमन यांनी नेमकं हेरलंय.

पुढे मात्र काळ हातातून निसटतो. टॉम सुचवतो, मुलीला रीतसर दत्तक घेऊ. इझाबेल ते उडवून लावते: डॉक्टर नाही, शाळा नाही, अशा बेटावर मूल कोण देईल? शंका रास्त आहे. पण पश्चिम ऑस्ट्रेलियात दत्तकविधानाचा कायदा १८९६ पासूनच होता, त्या खंडावरचा पहिला. इंग्लंडला तसा कायदा करायला १९२६ साल उजाडलं, म्हणजे कथेत होडी बेटाला लागते नेमकं तेच वर्ष. मूल कुणाचं, हे रक्ताने ठरायचं की कागदाने, हा प्रश्न त्या काळात खराखुरा पेटलेला होता. लेखिका पेशाने वकील. तरीही हा सगळा ऐवज चार-दोन वाक्यांत आटोपतो.

त्याहून मोठी निराशा होडीतल्या त्या मृताबाबत आहे. फ्रँक मूळचा ऑस्ट्रियाचा. अँझॅक दिनी, म्हणजे गॅलिपोलीच्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, दारू प्यायलेला जमाव ‘जर्मन’ म्हणून त्याच्या मागे लागतो आणि लेकीला घेऊन तो होडीत उडी टाकतो. यामागचा इतिहास भयंकर आहे. पन्नास लाखही लोकसंख्या नसलेल्या त्या देशाचे साठ हजारांवर सैनिक युद्धात मेले. सुमारे सात हजार माणसं ‘शत्रुराष्ट्राची’ म्हणून छावण्यांत डांबली गेली. त्यांतली एक छावणी पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटावर होती. युद्ध संपल्यावर डांबलेल्यांपैकी हजारोंची बोटीत बसवून देशाबाहेर पाठवणी झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर गावांची जर्मन नावंसुद्धा पुसली. ज्यांचे मुलगे फ्रान्सच्या मातीत गेले, तेच शेजारी फ्रँकसारख्या एका पावविक्याचा पाठलाग का करतात? दुसऱ्या दिवशी दुकानात एकमेकांना कसे भेटतात? कादंबरी तिथे थांबतच नाही. होडी समुद्रात ढकलण्यापुरता इतिहास कामाला लावायचा आणि मग त्याला सुट्टी द्यायची, असा हा प्रकार.

त्याची जागा योगायोग घेतात. मुलीची सख्खी आई हॅना जवळच्या गावातच निघते. चांदीचा एक खुळखुळा ओळख पटवतो. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयात अठराव्या शतकात आया मुलासोबत नाणी, चिंध्या अशा खुणा ठेवत. त्या खुणांमागे गरिबीचा सबंध इतिहास होता. इथला खुळखुळा फक्त कथानकाची कळ फिरवतो. शेवटी तर हॅना इझाबेलपुढे सौदाच ठेवते: टॉमविरुद्ध साक्ष दे आणि मुलगी ने. एवढा गुंतागुंतीचा पेच ‘नवरा की मूल’ इतका सोपा होऊन बसतो. शिवाय सगळीच माणसं मनाने चांगली, त्यामुळे वाचकाला कुणाचा रागही येत नाही. डोळे पाणावतात, हे मान्य. त्यासाठी १९२६ सालची गरज नव्हती.

दोन आयांमधलं मूल ही कल्पना जातककथांइतकी जुनी आहे. ब्रेश्टने ती नाटकात घेतली तेव्हा निकाल सांभाळणारीच्या बाजूने दिला, आणि तो का, याचं उत्तर युद्ध, मालमत्ता आणि वर्ग यांतून शोधलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने ते नाटक मराठीत आणलं आणि विजया मेहतांनी बसवलं, तेव्हा मराठी प्रेक्षकालाही त्या न्यायामागचं राजकारण उमगायला अडचण आली नाही. स्टेडमन भूमिका घेणंच टाळतात.

कादंबरीच्या अंगाने हाच पेच दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणी जास्त निर्भीडपणे हाताळला असेल, तर जॉर्ज एलियटने, ‘सायलस मार्नर’मध्ये (१८६१). तिथे सांभाळणारा एकटा विणकर आहे, सोळा वर्षांनी हक्क सांगायला येणारा बाप जमीनदाराचा मुलगा आहे, आणि निवाडा मुलगी स्वतः करते. त्या गावाविषयी, मागाविषयी आणि तिथल्या सोन्याच्या मोहरांविषयी पुढच्या आठवड्यात.