पिवळी जर्सी मोठी की इंद्रधनुषी?

आमच्या एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "मुलगी सायकल शर्यतीत पहिली आली, कमरेएवढा कप मिळाला. आता ह्याचा पुढे उपयोग काय?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर कपाच्या उंचीत नाही. शर्यत कुठली आणि मान कुठला, ते बघावं लागतं. आज त्याबद्दलच बोलू.

कुस्तीतलं आपल्याला पटकन कळतं. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम लढतीत सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि समोर होती आपल्या कल्याणची वैष्णवी पाटील. एक लढत, एक गदा, विषय संपला. सायकलचं तसं नाही. तिथे एकाच शर्यतीत तीन-चार मानकरी असतात.

आपल्याकडची मुंबई-पुणे शर्यत घ्या. पुण्याला पहिला पोचेल तो विजेता. पण खोपोलीहून बोरघाट चढताना जो सगळ्यांच्या पुढे असेल, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. हा किताब वेगळा. टोकावड्याकडून माळशेज घाट जिने एकदा तरी सायकलने चढलाय, तिला हा मान वेगळा का, ते सांगावं लागणार नाही. सपाटीवरचा वेग वेगळा आणि चढावरचा दम वेगळा. (शब्द मात्र 'राजा'च. राणीसाठीही एक पाटी रंगवायला हवी.)

जगात सगळ्यात मोठा मान फ्रान्सच्या शर्यतीचा, तूर द फ्रान्सचा. ती १९०३ साली एका वर्तमानपत्राने खप वाढवायला सुरू केली. तीन आठवडे, २१ टप्पे, तीन हजारांहून जास्त किलोमीटर. रोजचा वेळ मोजून बेरीज करतात आणि सगळ्यात कमी वेळ ज्याचा, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. पिवळीच का? त्या वर्तमानपत्राचा कागदच पिवळा होता. इटलीच्या शर्यतीची जर्सी गुलाबी, कारण तिथल्या वर्तमानपत्राचा कागद गुलाबी. मला ही गोष्ट फार आवडते. जाहिरातीचा रंग होता, आता त्यासाठी माणसं हाडं मोडून घेतात.

फ्रान्समध्ये घाटाच्या राजाला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. टप्प्यांच्या शेवटी आणि मधल्या ठिकाणी जोरात पळून गुण कमावणाऱ्याला हिरवी, तरुणांमधल्या पहिल्याला पांढरी. सगळ्यात मान पिवळीलाच.

मग जागतिक अजिंक्यपद? ते एका दिवसाचं. जिंकणाऱ्याला इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मिळते आणि वर्षभर त्या प्रकारच्या प्रत्येक शर्यतीत तीच घालायची. म्हणजे वर्षभर मिरवायचं, पण वर्षभर सगळ्यांचा डोळाही तुमच्यावरच. एका दिवसात नशीबही साथ देतं, तीन आठवडे ते पुरत नाही. म्हणून बहुतेक जण पिवळी वरची मानतात, आणि मलाही ते पटतं. ऑलिम्पिक आपल्याला सगळ्यात मोठं वाटतं, पण रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये त्याचा दबदबा उशिरा आला, कारण पगारी सायकलपटूंना तिथे १९९६ पर्यंत प्रवेशच नव्हता.

बायकांचं काय? १९८४ ते ८९ या काळात बायकांचीही तूर झाली, मग ती बंद पडली. नावं बदलत, कधी आहे कधी नाही, असं चाललं. नीट सुरू झाली ती २०२२ साली, आठ टप्प्यांची. २०२४ चा निकाल ऐका. नेदरलँड्सची डेमी वोलरिंग पाचव्या टप्प्यात पडली आणि तिथे तिची पावणेदोन मिनिटं गेली. शेवटच्या दिवशी तिने आल्प द्युएझचा अवघड घाट सगळ्यांच्या आधी चढून टप्पा जिंकला. तरी पिवळी जर्सी पोलंडच्या कासिया नेविआदोमालाच मिळाली, फक्त चार सेकंदांनी. शेवटचा दिवस जिंकूनही किताब गेला, कारण हिशोब सगळ्या दिवसांचा असतो. हप्ते भरणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

आणखी एक. जर्सी एकीच्या अंगावर असते, पण शर्यत संघाची. बाकीच्या जणी तिच्यापुढे राहून वारा अडवतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ आली तर आपली सायकलही देतात. त्यांचं नाव निकालात खूप खाली असतं. म्हणून बक्षिसाची रक्कम संघात वाटून घ्यायची जुनी रीत आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. गावात कुणाच्या वाढदिवसाला होणारी खुली शर्यत, तिचं रोख बक्षीस घसघशीत असतं, कपही मोठा. घ्या, आनंदाने घ्या. पण सरकारी नोकरीत खेळाडूंना जे पाच टक्के आरक्षण आहे, त्यात ते प्रमाणपत्र चालत नाही. तिथे मान्यताप्राप्त संघटनेची किंवा क्रीडा खात्याची शालेय स्पर्धा लागते. पद जितकं वरचं, स्पर्धेची पातळी तितकी वरची. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुणही पातळी बघूनच मिळतात. म्हणजे राज्य स्पर्धेतला तिसरा क्रमांक, हातात कागदाचा एक तुकडाच असला तरी, इथे त्या कमरेएवढ्या कपाहून मोठा.

तेव्हा मुलीचं नाव देण्याआधी आयोजकांना विचारा: स्पर्धा कुठल्या संघटनेची, पातळी कोणती, प्रमाणपत्रावर सही कुणाची. शंका असेल तर ठाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. प्रमाणपत्रावर मुलीचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, ते तिथेच मैदानावर वाचून घ्या. नोकरीच्या वेळी क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडून त्याची पडताळणी होते, आणि आठ-दहा वर्षांनी आयोजकांना शोधत फिरणं कुणालाच परवडत नाही.