स्त्रीची मिळकत स्त्रीचीच

१६३१ साली मुमताज महल आपल्या बऱ्हाणपुरात निवर्तली. तिच्या खाजगी संपत्तीपैकी निम्मी शाहजहानने कन्या जहांआरा हिला दिली, बाकीची इतर मुलांत वाटली. ती बादशाही मर्जी होती. सामान्य स्त्रीचा हक्क मात्र कोणाच्या मर्जीवर नाही. इस्लामी कायद्यानुसार मेहेर पत्नीचा. पित्याचा वा पतीचा नव्हे. वारशात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, आणि अपत्ये असल्यास विधवेला आठवा हिस्सा आहे. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढी बाजूला सारली. शेतजमीन मात्र वगळली. तरीही बहिणीने वाटा सोडावा, अशी अपेक्षा पुष्कळ घरांत असते. म्हणून निकाहनाम्यात मेहेरची रक्कम आणि वाटणीपत्रात बहिणीचे नाव स्पष्ट लिहावे. हक्क देणे हा उपकार नव्हे.